कंपाइलर लूप का सोडून देतो: ऑप्टिमायझेशनचे शेरे कसे वाचावेत

सी किंवा सी++ मधला एखादा लूप अपेक्षेपेक्षा हळू चालत असेल, तर बहुतेक प्रोग्रामर दोनच गोष्टी करून बघतात. -ओ2 च्या जागी -ओ3 ही ऑप्टिमायझेशनची वरची पातळी देतात, नाहीतर असेंब्ली, म्हणजे तयार झालेल्या प्रोसेसर-सूचना, उघडतात. पहिल्या उपायानं अनेकदा काहीच बदलत नाही. दुसऱ्यानं कंपाइलरनं शेवटी काय लिहिलं ते कळतं. पण त्यानं काय करून पाहिलं, कुठे अडलं आणि का सोडून दिलं, यातलं काहीही असेंब्लीत उरलेलं नसतं. ही माहिती कंपाइलरकडे असते, आणि मागितली तर तो देतो. क्लँग या कंपाइलरमध्ये ही सोय 2014 च्या 3.5 आवृत्तीपासून आहे, जीसीसी या दुसऱ्या कंपाइलरमध्ये 2013 च्या 4.8 पासून. इतकी वर्षं होऊनही ती फार कमी लोक वापरतात. त्याचं कारण आळस नाही. ते शेरे कंपाइलरच्या आतल्या भाषेत लिहिलेले असतात आणि एकदम हजारोंनी येऊन पडतात, हे खरं कारण आहे.

सरकारी कार्यालयातून अर्ज परत येतो तेव्हा त्यावर ‘अमुक दाखला जोडलेला नाही’ असा शेरा असतो. कंपाइलरचे शेरे बहुतांशी याच जातीचे असतात. तुमचा कोड वाईट आहे असं तो म्हणत नाही. एखादी गोष्ट सिद्ध करायला लागणारा पुरावा त्याला मिळालेला नाही, एवढंच सांगतो. म्हणून प्रत्येक शेरा वाचताना एकच प्रश्न विचारायचा: याला नेमकं काय सिद्ध करता आलं नाही?

(इथे कोड आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत द्यायच्या. -ओ2 मधला ‘ओ’ आणि -आरपास मधला ‘आर’ कॅपिटल असतो.)

शेरे कसे मागायचे

क्लँगला तीन प्रकारचे शेरे मागता येतात. -आरपास म्हणजे जे जमलं ते, -आरपास-मिस्ड म्हणजे जे जमलं नाही ते, आणि -आरपास-ॲनालिसिस म्हणजे का जमलं नाही ते. प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि पासचं नाव द्यायचं. पास म्हणजे ऑप्टिमायझरचा एकेक टप्पा: लूप एकावेळी अनेक घटकांवर चालवणारा ‘लूप-व्हेक्टराइज’, फंक्शनचा मजकूर हाक मारणाऱ्याच्या जागी आणणारा ‘इनलाइन’, न बदलणारी गोष्ट लूपबाहेर काढणारा ‘एलआयसीएम’, आणि असे कितीतरी.

क्लँग -ओ2 -जी -सी योग.सी -आरपास=लूप-व्हेक्टराइज -आरपास-मिस्ड=लूप-व्हेक्टराइज -आरपास-ॲनालिसिस=लूप-व्हेक्टराइज

तिन्ही एकदम द्या. नुसतं -आरपास-मिस्ड दिलं तर ‘लूप व्हेक्टराइज झाला नाही’ एवढंच उत्तर येतं. कारण ॲनालिसिसच्या ओळीत असतं, आणि कामाचं तेच असतं. पासच्या नावाच्या जागी रेग्युलर एक्सप्रेशन चालतं, त्यामुळे ‘.*’ देऊन सगळ्या पासचे शेरे मागवता येतात. तो मोह टाळा. मध्यम आकाराच्या फाइललाही त्यातून इतका मजकूर येतो की कामाची ओळ सापडत नाही.

जीसीसीत हेच -एफऑप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड किंवा -एफऑप्ट-इन्फो-इनलाइन असं मागायचं; पुढे ‘=’ आणि फाइलचं नाव दिलं की शेरे फाइलमध्ये जातात. जीसीसी एका लूपसाठीही ढीगभर ओळी लिहितो, कारण मधल्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद येते. त्यात ‘कुडन्ट व्हेक्टराइज लूप’ ही ओळ आधी शोधायची. खरं कारण तिच्या लगेच खाली ‘नॉट व्हेक्टराइज्ड’ या शब्दांनी सुरू होतं.

जीसीसीबद्दल आणखी एक गोष्ट माहीत हवी. -ओ2 वर व्हेक्टरायझेशन 2022 च्या 12 व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं, पण अतिशय काटकसरीच्या खर्च-हिशोबानं. उदाहरणार्थ, चालताना पॉइंटर तपासावे लागणार असतील, तर तो -ओ2 वर लूपला हात लावत नाही. तोच लूप -ओ3 वर व्हेक्टराइज होतो. म्हणून जीसीसीचे शेरे वाचण्याआधी आपण कोणत्या पातळीवर आहोत ते बघा, नाहीतर कोडमध्ये नसलेला दोष शोधत बसाल.

बेरीज: जिथे कंपाइलर तुमचं उत्तर जपतो

फ्लोट बेरीज(कॉन्स्ट फ्लोट *अ, इंट न)
{
  फ्लोट ब = 0;
  फॉर (इंट आय = 0; आय < न; आय++)
    ब += अ[आय];
  रिटर्न ब;
}

याहून सोपा लूप लिहिता येणार नाही, तरी क्लँग -ओ2 वर तो व्हेक्टराइज करत नाही, -ओ3 वरही नाही. शेरा येतो: ‘कॅनॉट प्रूव्ह इट इज सेफ टु रीऑर्डर फ्लोटिंग-पॉइंट ऑपरेशन्स’. म्हणजे दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलणं सुरक्षित आहे, हे त्याला सिद्ध करता येत नाही.

आणि ते खरंच सुरक्षित नाही. फ्लोटमध्ये 24 बिटांची अचूकता असते. त्यामुळे 16777216 (म्हणजे 2 चा 24 वा घात) यात 1 मिळवला तर उत्तर पुन्हा 16777216 च येतं. आणखी एकदा 1 मिळवला तरी तेच. पण आधी 1 आणि 1 मिळवून 2 केले आणि ते 16777216 मध्ये घातले, तर 16777218 येतं. संख्या त्याच, क्रम वेगळा, उत्तर वेगळं. व्हेक्टरायझेशनमध्ये चार वेगवेगळ्या बेरजा समांतर चालतात आणि शेवटी एकत्र होतात, म्हणजे क्रम बदलतोच. तुमच्या परवानगीशिवाय कंपाइलर उत्तर बदलणार नाही, आणि त्यानं तसं वागणं योग्यच आहे.

किंमत मात्र मोठी आहे. प्रत्येक बेरीज आधीच्या बेरजेची वाट बघते. इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या प्रोसेसरवर एका फ्लोट बेरजेला 4 सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, म्हणजे हा लूप दर 4 सायकलला एक घटक संपवतो. तोच प्रोसेसर एका सायकलमध्ये अशा दोन व्हेक्टर बेरजा सुरू करू शकतो, आणि साध्या 128 बिटांच्या एसएसई सूचनेतही एका वेळी 4 फ्लोट बसतात.

परवानगी देण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध वाट सर्वांत धोक्याची आहे. शेऱ्यातच -एफफास्ट-मॅथ सुचवलेलं असतं, म्हणून लोक ते पूर्ण प्रकल्पाला लावून मोकळे होतात. त्या एका पर्यायात अनेक वचनं गुंडाळलेली आहेत. त्यातलं एक असं की प्रोग्राममध्ये ‘नॅन’ म्हणजे अवैध संख्या आणि अनंत कधीच येणार नाहीत. हे वचन दिलं की ‘इझनॅन’ ही तपासणी कंपाइलर कायमची खोटी धरून काढून टाकू शकतो. सेन्सरकडून आलेली खराब नोंद पकडायला लिहिलेली ओळ अशी निमूटपणे नाहीशी होते, आणि त्याबद्दल कुठलीही सूचना येत नाही.

म्हणून परवानगी द्यायची ती फक्त त्या लूपपुरती. क्लँगमध्ये लूपच्या आधी ‘प्रॅग्मा क्लँग लूप व्हेक्टराइज(इनेबल)’ लिहिलं की त्या लूपमधला क्रम बदलायची मुभा मिळते. दुसरी वाट अधिक उघड आहे आणि कुठल्याही कंपाइलरवर चालते: एका ‘ब’ ऐवजी चार बेरजा ठेवायच्या, लूप चार-चारनं पुढे न्यायचा, उरलेले घटक शेवटी वेगळे मिळवायचे. यात क्रम तुम्हीच बदलता, त्यामुळे फास्ट-मॅथ दिलेलं नसेल तर -ओ2 असो वा -ओ3, उत्तर तेच राहतं. ज्या ठिकाणी निकाल वर्षानुवर्षं तंतोतंत जुळायला हवेत, तिथे ही दुसरी वाटच घ्यावी.

परवानगी मिळाल्यावर जमल्याचा शेरा येतो: ‘व्हेक्टरायझेशन विड्थ: 4, इंटरलीव्ह्ड काउंट: 2’. पहिला आकडा एका सूचनेत किती घटक ते सांगतो, दुसरा अशा किती स्वतंत्र साखळ्या शेजारी-शेजारी चालतात ते. दोन्ही मिळून एका फेरीत 8 घटक. -मार्च=नेटिव्ह (याच प्रोसेसरसाठी बांधा) दिलं आणि प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स2, म्हणजे 256 बिटांच्या व्हेक्टर सूचना, असतील तर रुंदी 8 होऊ शकते, पण मग ती फाइल जुन्या प्रोसेसरवर चालेलच असं नाही.

पॉइंटर: जिथे पुरावा तुमच्या डोक्यात असतो

व्हॉइड वाढव(इंट *अ, इंट *न)
{
  फॉर (इंट आय = 0; आय < *न; आय++)
    अ[आय] += 1;
}

इथे क्लँग म्हणतो, ‘कुड नॉट डिटरमाइन नंबर ऑफ लूप इटरेशन्स’. वाचणारा चक्रावतो, कारण फेऱ्यांची संख्या तर *न मध्ये सरळ लिहिलेली आहे. पण ‘न’ हा पॉइंटर ‘अ’ ॲरेच्याच एखाद्या घटकाकडे बोट दाखवत असेल तर? मग अ[आय] मध्ये लिहिताना मर्यादाच बदलेल. असं कोणी करणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, कंपाइलरला नाही. त्यामुळे तो *न प्रत्येक फेरीत मेमरीतून पुन्हा वाचतो, आणि किती फेऱ्या होणार हे आधी ठरवता येत नसल्यानं व्हेक्टरायझेशनचा विषयच संपतो.

याच लूपसाठी एलआयसीएम पासचा शेरा मागितला, तर अधिक स्पष्ट उत्तर मिळतं: लूपमध्ये न बदलणाऱ्या पत्त्यावरचं वाचन बाहेर काढता आलं नाही, कारण लूप त्या जागेवरची किंमत बदलू शकतो. मूळ दुखणं हे आहे. फेऱ्यांची संख्या न कळणं हा त्याचा परिणाम. व्हेक्टरायझरचा शेरा कोड्यासारखा वाटला की आधीच्या पासचा शेरा बघायचा, कारण व्हेक्टरायझर बराच उशिरा चालतो आणि वरून जे सोडवलं गेलं नाही ते त्याच्या पदरात पडतं.

उपाय एका ओळीचा आहे. लूपच्या आधी ‘इंट सीमा = *न;’ लिहा आणि अटीत ‘सीमा’ वापरा. स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता कोणाला दिलेला नसेल, तर ‘अ’ मधून ते बदलणं शक्य नाही, हे कंपाइलर सहज सिद्ध करतो.

गंमत अशी की ‘अ’ चा प्रकार इंटऐवजी फ्लोट केला, तर हाच लूप काही न करता व्हेक्टराइज होतो. सी भाषेच्या नियमानुसार फ्लोट पॉइंटरमधून लिहिताना इंट बदलू शकत नाही असं धरायला कंपाइलर मोकळा असतो. (-एफनो-स्ट्रिक्ट-एलिअसिंग दिलं की ही मोकळीक जाते. लिनक्स कर्नल हा पर्याय देऊनच बांधला जातो.) उलट टोकाला कॅर हा प्रकार आहे: कॅर पॉइंटरमधून कुठल्याही प्रकारची मेमरी बदलता येते. म्हणून चित्रांच्या बाइट्सवर काम करणाऱ्या कोडमध्ये हे दुखणं फार वेळा दिसतं. फंक्शनला अनसाइन्ड कॅरचा व्हेक्टर रेफरन्सनं मिळाला आहे आणि लूपची अट ‘आय < व्ही.साइझ()’ अशी आहे. प्रत्येक बाइट लिहिल्यावर कंपाइलरला भीती, की व्हेक्टरच्या आतले सुरुवात आणि शेवट दाखवणारे पॉइंटरच बदलले असतील. तोच लूप इंटच्या व्हेक्टरवर नीट चालतो, आणि माणूस तासन्‌तास फरक शोधत राहतो. साइझ आणि डेटाचा पॉइंटर लूपआधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेतला की अडचण सुटते. क्लासच्या सदस्य-व्हेरिएबलचंही तसंच: आत लिहिलेलं ‘काउंट’ म्हणजे खरं तर ‘धिस’ या पॉइंटरमधून केलेलं वाचन असतं.

दोन-तीन वेगवेगळे ॲरे असतील तर कंपाइलर इतक्यात हार मानत नाही. लूप सुरू होण्याआधी पत्त्यांच्या सीमा तपासतो. ॲरे एकमेकांवर चढत नसतील तर व्हेक्टर आवृत्ती, चढत असतील तर साधी. क्लँगच्या जुन्या आवृत्त्यांत अशा तुलनांची नेहमीची मर्यादा 8 होती. तीन ॲरेंमध्ये लिहिणं आणि दुसऱ्या तिनांतून वाचणं असेल, तर लिहिण्या-वाचण्याच्या 9 जोड्या आणि लिहिण्याच्या आपसांतल्या 3, मिळून 12 होतात. तपासण्या फार झाल्या की ‘मेमरीची कामं पुढेमागे करणं सुरक्षित आहे हे सिद्ध करता येत नाही’ असा शेरा. म्हणूनच एखाद्या व्यवस्थित चालणाऱ्या लूपमध्ये आणखी एक ॲरे घातला आणि तो एकदम कितीतरी पट मंदावला, असं घडतं.

इथे सी99 मधला ‘रिस्ट्रिक्ट’ (सी++ मध्ये दोन अंडरस्कोर लावून) कामाला येतो. या पॉइंटरमधून जी मेमरी बदलली जाते तिला दुसऱ्या वाटेनं कोणी हात लावणार नाही, असं ते वचन आहे. वचन खोटं निघालं तर एररही नाही आणि वॉर्निंगही नाही, नुसतं चुकीचं उत्तर मिळतं, आणि तेही फक्त ऑप्टिमायझेशन चालू असताना. स्थानिक व्हेरिएबलनं काम भागत असेल तर रिस्ट्रिक्टला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. लूप दोन भागांत तोडणं हाही चांगला मार्ग आहे.

इनलाइन: इथे आकडे बोलतात

इनलाइनिंगचे शेरे वाचायला सर्वांत सोपे, कारण त्यांत हिशोब उघड मांडलेला असतो. ‘टू कॉस्टली टु इनलाइन (कॉस्ट=260, थ्रेशोल्ड=225)’ असा मजकूर दिसतो. क्लँगच्या -ओ2 वर ही मर्यादा 225 आहे. साध्या सूचनेला 5 गुण, आतल्या प्रत्येक फंक्शन-हाकेला त्यावर आणखी 25. म्हणजे ढोबळमानानं चाळीस-पंचेचाळीस साध्या सूचनांचं फंक्शन मर्यादेत बसतं.

हे गुण फंक्शनच्या कपाळी कायमचे लिहिलेले नसतात. ते हाक मारण्याच्या प्रत्येक जागेसाठी वेगळे मोजले जातात. एखाद्या ठिकाणी आर्ग्युमेंट म्हणून ठरावीक संख्या दिली असेल आणि त्यामुळे आतली एखादी ‘इफ’ची फांदी गळून पडत असेल, तर त्या फांदीतल्या सूचना मोजल्याच जात नाहीत. म्हणून एकच फंक्शन एका जागी इनलाइन होतं, दुसऱ्या जागी नाही. दुसरी गोष्ट: फंक्शन ‘स्टॅटिक’ असेल आणि त्याला एकाच ठिकाणाहून हाक असेल, तर क्लँग 15000 गुणांची सूट देतो, म्हणजे जवळजवळ नेहमीच इनलाइन करतो. एका फाइलपुरतंच वापरलं जाणारं फंक्शन स्टॅटिक करणं ही शिस्त वेगाच्या दृष्टीनंही फायद्याची ठरते.

‘डेफिनिशन इज अनअव्हेलेबल’ असा शेरा असेल तर गुणांचा प्रश्नच नाही; त्या फंक्शनचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि कंपाइलरला तो दिसत नाही. लहान फंक्शन असेल तर ते हेडरमध्ये आणा, नाहीतर -एफएलटीओ वापरून लिंक करताना ऑप्टिमाइझ करू द्या. लूपच्या आत अशी हाक असेल तर नुकसान दुहेरी होतं, कारण व्हेक्टरायझर ‘कॉल इन्स्ट्रक्शन कॅनॉट बी व्हेक्टराइज्ड’ म्हणून तो लूपही सोडतो. हा शेरा दिसला की थेट इनलाइनच्या शेऱ्याकडे जा.

याच कुळातलं एक दुखणं सहसा ओळखू येत नाही. लूपमध्ये ‘एसक्यूआरटी’ म्हणजे वर्गमूळ आहे. प्रोसेसरला व्हेक्टर वर्गमूळ येतं, तरी लूप अडतो. कारण सीच्या लायब्ररीनुसार ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं की ‘एर्नो’ या व्हेरिएबलमध्ये कोणती चूक झाली त्याचा क्रमांक ठेवायचा असतो, आणि ते काम साध्या सूचनेला जमत नाही, त्यासाठी खरं फंक्शन बोलवावं लागतं. गणिती फंक्शननंतर एर्नो तपासणारा कोड क्वचितच असतो. तुमच्याकडे तो नसेल तर -एफनो-मॅथ-एर्नो द्या. फास्ट-मॅथच्या गाठोड्यातला हा एक भाग असा आहे की जो वेगळा काढून वापरायला फारसा धोका नाही.

इनलाइन झालं नाही म्हणून लगेच ‘ऑलवेज इनलाइन’ लिहून जबरदस्ती करू नका. पहिल्या पातळीची सूचना-कॅश अनेक प्रोसेसरवर 32 किलोबाइटचीच असते, आणि मोठं फंक्शन वीस ठिकाणी चिकटवलं की तीच अपुरी पडते.

‘फायद्याचं नाही’ असं म्हटलं तर

आतापर्यंतचे शेरे ‘सिद्ध झालं नाही’ या प्रकारचे होते. ‘कॉस्ट-मॉडेल इंडिकेट्स दॅट व्हेक्टरायझेशन इज नॉट बेनेफिशिअल’ हा शेरा वेगळा आहे. इथे पुरावा पुरेसा आहे, पण हिशोबात तोटा दिसतो. बहुतेक वेळा कारण डेटाच्या मांडणीत असतं. एका बिंदूचे क्ष, य आणि झ असे तीन फ्लोट एका स्ट्रक्टमध्ये ठेवले आहेत आणि लूपला फक्त क्ष हवा आहे. दर 12 बाइट्सनंतर 4 बाइट कामाचे. 64 बाइट्सची प्रत्येक कॅश-लाइन आणली तरी दोन-तृतीयांश मजकूर वाया, आणि विखुरलेले क्ष एका व्हेक्टरमध्ये गोळा करायला वेगळ्या सूचना. इथे प्रॅग्मा लावून कंपाइलरला भाग पाडता येतं, पण बहुधा तो बरोबर असतो. सगळे क्ष एका ॲरेत, सगळे य दुसऱ्यात अशी मांडणी बदलली तरच खरा फरक पडतो.

हजारो शेऱ्यांतून कामाचे दहा कसे काढायचे

एखादा प्रकल्प पूर्ण बांधला की बहुतेक शेरे अशा कोडबद्दल असतात, जो प्रोग्राम सुरू होताना एकदाच चालतो. त्यांच्याकडे बघण्यात अर्थ नाही. यासाठी शेरे फाइलमध्ये साठवून त्यांना ‘किती वेळा चालला’ या आकड्यानं लावायचं.

आधी -एफप्रोफाइल-जनरेट देऊन प्रोग्राम बांधा आणि रोजच्या कामासारख्या इनपुटवर चालवा. त्यातून ‘प्रॉफरॉ’ फाइल निघते. ती ‘एलएलव्हीएम-प्रॉफडेटा मर्ज’नं प्रॉफडेटा फाइलमध्ये बदला. मग -एफप्रोफाइल-यूज=(ती फाइल), -एफसेव्ह-ऑप्टिमायझेशन-रेकॉर्ड आणि -एफडायग्नॉस्टिक्स-शो-हॉटनेस हे तिन्ही देऊन पुन्हा बांधा. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलशेजारी एक ‘.ऑप्ट.वायएएमएल’ फाइल तयार होते. एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्यावर उभा आहे त्या प्रकल्पाच्या) स्रोतात ‘ऑप्ट-व्ह्यूअर’ नावाची पायथन स्क्रिप्ट आहे. तिला या फाइल्स आणि स्रोताची जागा दिली की वेबपानं तयार होतात: डावीकडे ओळ, तिच्याखाली शेरा, जमलेला हिरवा, हुकलेला लाल, आणि पहिल्या पानावर सर्वांत तापलेल्या, म्हणजे सर्वांत जास्त वेळा चालणाऱ्या, जागा सर्वांत वर. वरच्या दहा-पंधरा लाल ओळी वाचा, बाकीच्या सोडून द्या. जीसीसीमध्येही 2019 च्या 9 व्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या पर्यायानं जेसॉन नोंदी मिळतात.

यात एक सापळा आहे. प्रोफाइल दिल्यावर कंपाइलरचे निर्णयच बदलतात. क्लँगमध्ये तापलेल्या हाकेसाठी इनलाइनची मर्यादा 225 वरून 3000 वर जाते आणि थंड हाकेसाठी 45 वर येते. म्हणजे प्रोफाइलसह बांधताना जे शेरे दिसले ते त्या बांधणीचे आहेत. तुम्ही ग्राहकाला प्रोफाइलशिवाय बांधलेली फाइल देत असाल तर तिची कहाणी वेगळी असू शकते. अशा वेळी लिनक्सवरच्या ‘पर्फ’ या वेळ मोजणाऱ्या साधनाच्या ‘पर्फ रेकॉर्ड’ आज्ञेनं तापलेल्या ओळी शोधा आणि शेरे मात्र नेहमीच्याच बांधणीचे वाचा.

वाचताना आणखी काही गोष्टी गोंधळात टाकतात. एकाच ओळीवर एकदा ‘झालं’ आणि एकदा ‘झालं नाही’ असे दोन्ही शेरे दिसतात. तो विरोधाभास नसतो: ते फंक्शन दोन ठिकाणी इनलाइन झालेलं असतं किंवा टेम्प्लेटच्या दोन प्रती झालेल्या असतात, आणि नोंदीतल्या ‘फंक्शन’ या रकान्यावरून कोणती प्रत ते कळतं. कधी ठिकाण ‘अननोन’ आणि ओळ 0 अशी येते, कारण मधल्या एखाद्या पासनं सूचना एकत्र करताना मूळ ओळीचा धागा गमावलेला असतो. लहान लूप पूर्ण उलगडला गेला असेल तर व्हेक्टरायझरला तो दिसतच नाही, म्हणून त्याच्याबद्दल काहीच शेरा येत नाही. कित्येक पास तर शेरे लिहीतच नाहीत. शेरा नाही म्हणजे काम झालं नाही, असा अर्थ काढू नका.

इथे खरी जबाबदारी कंपाइलर लिहिणाऱ्यांची आहे. चांगल्या शेऱ्यात जागा, कारण आणि कोणत्या व्हेरिएबलमुळे अडलं त्याचं नाव, तिन्ही हवं. इनलाइनचे शेरे हे बरंच पाळतात. मेमरीच्या अवलंबित्वाचे शेरे अजून अनेकदा ‘सुरक्षित नाही’ एवढ्यावर थांबतात, आणि सहा ॲरेंपैकी कोणते दोन ते प्रोग्रामरनं ओळखायचं असतं. ज्यांना या बाजूनं काम करायचं आहे त्यांच्या उपयोगाचं काम मुंबईतही झालं आहे: आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीच्या आतल्या रचनेवर कार्यशाळा घेतल्या आणि अभ्याससाहित्य तयार केलं.

इतर भाषांतही ही सोय आहे. गो मध्ये ‘गो बिल्ड -जीसीफ्लॅग्ज=-एम’ दिलं की कोणतं फंक्शन इनलाइन झालं आणि कोणतं व्हेरिएबल हीपवर गेलं ते छापलं जातं; ‘-एम=2’ दिलं तर 80 च्या मर्यादेपुढे किती खर्च गेला तेही. जावाच्या हॉटस्पॉटला ‘प्रिंटइनलाइनिंग’ सांगता येतं (त्याआधी ‘अनलॉकडायग्नॉस्टिकव्हीएमऑप्शन्स’ द्यावं लागतं), आणि ‘हॉट मेथड टू बिग’ दिसलं तर 325 बाइटकोडची सीमा ओलांडली आहे असं समजा. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरला ‘/क्यूव्हेक-रिपोर्ट:2’ दिलं की कारणाऐवजी क्रमांक येतो. 1200 म्हणजे एका फेरीचं उत्तर पुढच्या फेरीला लागतं, म्हणून अडलं. रस्टमध्ये ‘-सी रिमार्क=ऑल’ आहे, शेरे एलएलव्हीएमचेच.

दुरुस्ती केल्यावर

हिरवा शेरा आला म्हणजे वेग आलाच असं नाही. लूप सरासरी पाचच वेळा फिरत असेल तर आठच्या रुंदीचा व्हेक्टर भाग एकदाही चालत नाही. सगळं काम शेवटच्या उरलेल्या घटकांच्या साध्या लूपमध्ये होतं. म्हणून आधी असेंब्लीत बघा: ‘ॲडएसएस’ म्हणजे एक-एक फ्लोट, ‘ॲडपीएस’ म्हणजे अनेक एकदम. कंपाइलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर लहान तुकडा टाकून हे मिनिटभरात होतं. मग ‘पर्फ स्टॅट -आर 10’नं दहा वेळा चालवून मोजा. मोजल्यावर फरक नसेल आणि लूप खूप उलगडलेला असेल, तर -आरपास-मिस्ड=रेगअलॉक मागून बघा: लूपमध्ये किती किमती रजिस्टरमधून मेमरीत टाकाव्या लागल्या आणि किती परत आणाव्या लागल्या, ते तिथे लिहिलेलं असतं. एव्हीएक्स2 पर्यंत व्हेक्टर रजिस्टर 16 च आहेत, त्यामुळे बेरजांच्या साखळ्या हव्या तेवढ्या वाढवता येत नाहीत.

आणि ही दुरुस्ती टिकवायलाही हवी. सहा महिन्यांनी कोणीतरी लूपमध्ये लॉग लिहिणारी एक ओळ घालतं आणि व्हेक्टरायझेशन निघून जातं. सगळ्या टेस्ट पास होतात, फक्त वेळ वाढतो. जो लूप खरोखर महत्त्वाचा आहे त्यावर व्हेक्टराइज(इनेबल)चा प्रॅग्मा ठेवा आणि त्या फाइलला -डब्ल्यूएरर=पास-फेल्ड द्या. कंपाइलरला ते जमलं नाही की बिल्डच थांबतो. फक्त हे लक्षात ठेवा की याच प्रॅग्मानं दशांश बेरजेचा क्रम बदलायची परवानगीही दिली जाते, म्हणून अचूकतेच्या टेस्ट आधी लिहून मगच तो लावा. कंपाइलरची आवृत्ती बदलताना जुन्या आणि नव्या नोंदी ऑप्ट-व्ह्यूअरसोबतच्या ‘ऑप्ट-डिफ’ स्क्रिप्टला द्या. कोणते शेरे नव्यानं आले आणि कोणते गेले, त्यांची यादी मिळते. त्यातले तापलेल्या ओळींवरचे तेवढे तपासले की पुरतं.